छोट्या स्मार्ट टेलिस्कोपनं प्लॅनेटरी नेब्युला बघायचा आणि फोटो काढायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवरून चालणारा, स्वतःच तारे ओळखून नेम धरणारा छोटा टेलिस्कोप हातात आला की आधी चंद्र होतो, मृगातला तेजोमेघ होतो, देवयानी दीर्घिका होते, आणि मग माणूस प्लॅनेटरी नेब्युलाकडे वळतो. तिथे गाडी अडते, कारण नेटवर पाहिलेले फोटो आणि स्क्रीनवर आलेला ठिपका यांचा काही मेळच बसत नाही. त्यातून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र घेतलेत. क्रमानं वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

प्लॅनेटरी नेब्युला म्हणजे नक्की काय? ग्रहाशी काही संबंध आहे का?

काडीचाही नाही, विल्यम हर्शेलला १७८० च्या दशकात आपल्या दुर्बिणीतून या गोष्टी ग्रहासारख्या गोल चकत्या वाटल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. सूर्यासारखा, किंवा फार तर सूर्याच्या आठेक पट वस्तुमानापर्यंतचा तारा म्हातारा झाला की फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, मग बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आणि आतला भयंकर तापलेला गाभा उघडा पडतो. त्या गाभ्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांमुळे सोडलेला गॅस चमकायला लागतो, तोच आपल्याला दिसतो. गाभा हळूहळू श्वेत बटू होऊन बसतो आणि गॅस दहा-वीस हजार वर्षांत पसरून विझून जातो, ताऱ्याच्या आयुष्याच्या मानानं हे फारच थोडे दिवस झाले.

आपल्या कामाच्या दृष्टीनं दोनच गोष्टी डोक्यात ठेवा. एक, यातले बहुतेक आकाशात अगदी चिमुकले दिसतात. दोन, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला नसतो, मोजक्या दोन-चार रंगरेषांत एकवटलेला असतो. खालची निम्मी-अर्धी उत्तरं या दोन गोष्टींतूनच निघतात.

पहिल्यांदा कुठला घेऊ?

एम २७, डंबेल (एम म्हणजे मेसियेच्या यादीतला क्रमांक). डोळे झाकून. चार्ल्स मेसियेनं १२ जुलै १७६४ ला नोंदवलेला हा प्लॅनेटरी नेब्युला म्हणजे या जातीतला माणसाला सापडलेला पहिलाच. जंबुक तारकासमूहात आहे, म्हणजे हंस आणि गरुड यांच्या मधे, आणि तो समूह डोळ्यांना ओळखू येत नसला तरी तुम्हाला फरक पडत नाही कारण टेलिस्कोप स्वतः जाऊन उभा राहतो. प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) साडेसातच्या आसपास, आकार साधारण ८ आर्कमिनिटं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे चंद्राच्या बिंबाच्या व्यासाच्या पाव भागापेक्षा थोडा जास्त, आणि एवढा मोठा आणि एवढा तेजस्वी असं दोन्ही एकत्र असलेले प्लॅनेटरी नेब्युला फारच थोडे आहेत. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच खाल्लेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखा आकार उमटतो आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे निळसर फिकट कानही भरायला लागतात.

लोक मात्र हटकून सुरुवात करतात एम ५७ पासून, म्हणजे कड्यासारख्या दिसणाऱ्या रिंग नेब्युलापासून, कारण तो प्रसिद्ध. मग निराश होतात. कुठला घ्यायचा हे ठरवताना नावाकडे बघू नका, आर्कमिनिटांकडे बघा.

एम ५७ इतका छोटा का येतो? माझ्या टेलिस्कोपमध्ये काही बिघाड आहे का?

बिघाड काही नाही, गणित आहे. सीस्टार एस५० हा छोटा स्मार्ट टेलिस्कोप घ्या : ५० मिलिमीटरची लेन्स, २५० मिलिमीटर फोकल लेंथ (लेन्सपासून सेन्सरवरच्या चित्रापर्यंतचं अंतर, ते जास्त तितकं चित्र मोठं), सेन्सरचा एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. हिशोब केला तर एक पिक्सेल आकाशातले साधारण २.४ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) झाकतो. एम ५७ चं कडं आहे सुमारे ८६ बाय ६२ आर्कसेकंदांचं, म्हणजे तुमच्या फोटोत ते बसलं ३६ बाय २६ पिक्सेलमध्ये. पूर्ण फ्रेम १०८० बाय १९२० ची. एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये छत्तीस पिक्सेलचं कडं! त्याच्या धाकट्या भावात, एस३० मध्ये, फोकल लेंथ १५० म्हणून एक पिक्सेल ४ आर्कसेकंदांचा आणि कडं जेमतेम २१ पिक्सेलचं. ड्वार्फ ३ या दुसऱ्या यंत्राची फोकल लेंथपण १५०च आहे पण त्याचे पिक्सेल बारीक, २ मायक्रॉनचे, त्यामुळे तिथे एकतीसेक पिक्सेल मिळतात.

पिक्सेल अजून बारीक केले असते तर? फार काही हाती लागलं नसतं, कारण ५० मिलिमीटरच्या लेन्सची स्वतःची बारीक बघायची मर्यादाच साधारण अडीच आर्कसेकंदांच्या आसपास आहे, आणि वरून हवेची थरथर असतेच. तेव्हा एस५० मध्ये कड्याचं भोक स्वच्छ दिसलं, कड्याच्या दोन टोकांना ते जरा फिकट आहे हे कळलं आणि आत निळसर-हिरवा, बाहेर तांबूस असा फरक आला की त्या लेन्सनं आपलं काम चोख केलंय असं समजा.

मग ॲपमध्ये झूम करून फोटो काढला तर मोठा येईल ना?

नाही. ते डिजिटल झूम, तेच छत्तीस पिक्सेल ताणून दाखवतं. फोटो पूर्ण फ्रेमचाच घ्या आणि नंतर क्रॉप करा.

आयपीसमधून बघितलं तर हेच रंग दिसतात का? फोटोतले रंग खरे की बनवलेले?

आधी हे सांगायला हवं की बहुतेक छोट्या स्मार्ट टेलिस्कोपना आयपीसच नसतो, जे काय बघायचं ते स्क्रीनवर. साध्या दुर्बिणीतून बघणाऱ्याला एम ५७ करड्या धुराच्या वेटोळ्यासारखा दिसतो, रंग नाही, कारण अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. एनजीसी ७६६२ सारखे (एनजीसी ही दुसरी, मोठी यादी) छोटे पण भलतेच तेजस्वी नेब्युला मात्र मोठ्या दुर्बिणीतून डोळ्यांनाही निळसर-हिरवट भासतात.

रंग खरेच आहेत, आणि त्यामागची गोष्ट भारी आहे म्हणून जरा लांबवतो. २९ ऑगस्ट १८६४ ला विल्यम हगिन्सनं कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ कडे, म्हणजे कॅट्स आय नेब्युलाकडे, वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्यांसारखा सलग वर्णपट येईल अशी अपेक्षा होती, दिसल्या मोजक्या झगझगीत रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नाही, तापलेला विरळ गॅस आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. पण त्यातली मुख्य हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, मग 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पून लोक मोकळे झाले, आणि १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवून दिलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला साधा ऑक्सिजन आहे. इतक्या विरळ गॅसमध्येच त्याला ही रेषा सोडायची सवड मिळते, प्रयोगशाळेतल्या दाट गॅसमध्ये अणू आधीच एकमेकांवर आदळून ती ऊर्जा घालवून बसतात.

ही रेषा आहे ५००.७ नॅनोमीटरची, तिला सगळे ओ-थ्री म्हणतात. रंगीत सेन्सरच्या हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही पिक्सेलमध्ये ती शिरते म्हणून फोटोत मोरपंखी छटा येते. दुसरी महत्त्वाची रेषा हायड्रोजनची, एच-अल्फा, ६५६.३ नॅनोमीटर, आणि तिच्या अगदी शेजारी नायट्रोजनच्या रेषा, त्यातून लाल. आत मोरपंखी आणि बाहेर लाल असं का, तर ताऱ्याजवळ किरण जास्त तिखट असतात, ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उडवण्याइतके, लांब गेल्यावर तेवढा जोर राहत नाही. म्हणजे तुमच्या फोटोतला रंग हा गॅसच्या कुठल्या थरावर किती जोराचे किरण पडतायत त्याचा नकाशाच आहे. बनवलेला भाग एवढाच की तुम्ही सॅच्युरेशन किती ताणलंत.

टेलिस्कोपमधला फिल्टर लावू की नको?

प्लॅनेटरी नेब्युलासाठी लावा. एस५० सारख्या यंत्रांत जो ड्युअल-बँड फिल्टर आतच दिलेला असतो तो नेमका ओ-थ्री आणि एच-अल्फाच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो, दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर ठेवतो. नेब्युलाचा सगळा माल त्याच दोन खिडक्यांत असल्यामुळे त्याचं फारसं नुकसान होत नाही, आभाळ मात्र काळं पडतं. शहरातून काढायचा असेल तर दीर्घिकांच्या मागे लागण्यापेक्षा हे नेब्युला कधीही परवडले.

फिल्टर काढायचा कधी ते सांगतो. ताऱ्यांचे रंग नीट हवे असतील तेव्हा काढा, कारण फिल्टरमधून सगळे तारे एकसारखे आणि जरा विचित्र दिसतात. शेजारी दीर्घिका असेल तेव्हा काढा. उत्तम उदाहरण एम ९७, सप्तर्षीतला घुबड नेब्युला, आणि त्याच्यापासून पाऊणएक अंशावर असलेली एम १०८ दीर्घिका. एस५० च्या फ्रेमची लांब बाजू सव्वा अंशाची आहे, थोडी जुळवाजुळव केली की दोघं एकत्र मावतात. फिल्टर लावला तर घुबड खुलतं आणि दीर्घिका मरते, काढला तर उलटं. जमत असेल तर दोन्ही वेगवेगळं घ्या आणि नंतर जोडा, नाहीतर काळोख्या जागी जाऊन फिल्टरशिवायच घ्या.

एम ५७ ला पण एक शेजारीण आहे. अवघ्या चारेक आर्कमिनिटांवर आयसी १२९६ नावाची फिकट सर्पिल दीर्घिका, हिच्यासाठी फिल्टर काढून तास-दीड तास द्यावा लागतो आणि मग एक पुसटसा डाग येतो. डागच. पण तो कड्याच्या मानानं इतका अफाट लांब आहे की बघायला मजा येते.

चंद्र असताना चालेल का?

फिल्टर लावून एम २७, एम ५७ चालतील. हेलिक्स नेब्युला (त्याचा प्रश्न पुढे आहे) किंवा एम ९७ सारखे फिकट असतील तर थांबा. एक बारकावा असा की चांदण्यानं ओ-थ्रीचं नुकसान एच-अल्फापेक्षा जास्त होतं, कारण हवेत विखुरलेला प्रकाश निळ्या बाजूला जास्त असतो. म्हणून पौर्णिमेच्या आसपास काढलेल्या फोटोत लाल भाग ठीक येतो आणि मोरपंखी भाग मळकट.

एक एक्स्पोजर १० सेकंदांचं ठेवू की ३० चं?

सुरुवातीला १०. टेलिस्कोप असे छोटे छोटे फोटो, म्हणजे फ्रेम, घेत जातो आणि एकावर एक जोडतो, त्यालाच स्टॅक करणं म्हणतात. तेजस्वी छोट्या नेब्युलात ३० सेकंदांनी मधला भाग जळायची, म्हणजे नुसता पांढरा व्हायची, भीती असते, वारा लागला तर एका झटक्यात तीस सेकंद वाया जातात, आणि साध्या मोडमध्ये फ्रेम फिरण्याचा त्रासही वाढतो, त्याचं पुढे येतंच. फिकट आणि मोठ्या नेब्युलाला, आणि इक्वेटोरियल मोडमध्ये (टेलिस्कोप ध्रुवाकडे कलता बसवून, तेही पुढे येतंय) असाल तर, २०-३० करून बघा.

एकूण किती वेळ द्यायचा?

इथे लोक दोन कामं एक समजतात. नेब्युलाचा मुख्य तेजस्वी भाग हे एक काम, ते पटकन होतं. बाहेरचं फिकट आवरण हे दुसरं काम आणि त्याला तासच्या तास लागतात. एम ५७ चं कडं दहा-पंधरा मिनिटांत येतं आणि त्यानंतर चार तास लावलेत तरी ते कडं मोठं होणार नाही की त्यात फार बारकावे येणार नाहीत, फक्त आजूबाजूचा काळोख गुळगुळीत होईल. एम २७ ला अर्धा तास पुरतो पण दोन-तीन तास दिलेत तर बाहेरचं आवरण हात धरून वर येतं, तिथे वेळ सार्थकी लागतो. एम ९७ मधल्या घुबडाच्या डोळ्यांसाठी दीड-दोन तास धरा. एम ७६ ला तासभर.

नियम असा की नॉइज, म्हणजे फोटोतली खरखर, निम्म्यावर आणायचा तर एकूण वेळ चौपट करावा लागतो. वीस मिनिटांवरून ऐंशीवर गेलात तर फरक ठसठशीत दिसतो, ऐंशीवरून शंभरवर गेलात तर नाही. एकाच रात्री व्हायला पाहिजे असंही नाही, दोन-तीन रात्रींच्या फ्रेम नंतर एकत्र स्टॅक करता येतात, फक्त त्यासाठी सेटिंगमध्ये प्रत्येक सुटी फ्रेम सेव्ह करण्याचा पर्याय आधीच चालू करून ठेवा, नाहीतर ॲप फक्त जोडलेला फोटो ठेवतं आणि सुट्या फ्रेम गेल्या त्या गेल्या.

तास-दोन तासांनी फोटोच्या कडा वेड्यावाकड्या आणि कोपरे नॉइजी का होतात?

फील्ड रोटेशन. छोटे स्मार्ट टेलिस्कोप साध्या मोडमध्ये डावी-उजवी आणि वर-खाली असेच फिरतात, आकाश मात्र ध्रुवाभोवती फिरतं, त्यामुळे नेब्युला मधोमध राहिला तरी त्याच्याभोवतीचं चित्र हळूहळू गरगरत जातं. ॲप फ्रेम फिरवून जुळवून घेतं पण मग कोपऱ्यांत कमी फ्रेम येतात, म्हणून तिथे नॉइज.

आता यातली कामाची गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते : हे फिरणं सगळीकडे सारखं नसतं. नेब्युला बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला असतो तेव्हा ते जवळजवळ थांबतं, दक्षिणोत्तर रेषेवर येतो तेव्हा सगळ्यात जोरात असतं, आणि जितका डोक्यावर जाईल तितकं अजून भडकतं. विषुववृत्तापासून फार लांब नसाल आणि नेब्युला दक्षिणेला ७० अंश उंचीवर असेल तर ३० सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये कोपऱ्यातले तारे सहा-सात पिक्सेल घासले जातात, १० सेकंदांत दोनच. मधला नेब्युला मात्र दोन्हीत शाबूत, कारण मध्यबिंदू जागचा हलत नाही. म्हणजे तुम्हाला नुसतं ३६ पिक्सेलचं कडं हवं असेल तर या रोटेशनची पर्वा करायचीच गरज नाही, कोपरे क्रॉप करून टाका. हेलिक्ससारखा पसरट असेल तर मात्र पूर्वेकडे ३० ते ६० अंशांत असताना सुरू करा.

डोक्यावर, म्हणजे ८० अंशांच्या पुढे, काही काढायला जाऊ नका. मोटरला तिथे दिशा झपकन बदलावी लागते, अर्ध्या फ्रेम फुकट जातात.

इक्वेटोरियल मोड म्हणजे टेलिस्कोप ध्रुवाच्या दिशेला कलता बसवायचा, सीस्टार आणि ड्वार्फ दोन्हींत आता तो आहे, आणि मग रोटेशन संपलंच. मोठे प्रोजेक्ट करणार असाल तर शिकून घ्या. पण ट्रायपॉड भक्कम पाहिजे, कललेलं यंत्र डगमगणाऱ्या ट्रायपॉडवर ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ॲप अर्ध्या फ्रेम रिजेक्ट का करतं?

तारे गोल नसले, लांबट झाले, किंवा नेहमीपेक्षा कमी दिसले की ॲप ती फ्रेम टाकून देतं. कारणं साधीच असतात : वारा, पातळ ढग, ट्रायपॉड लेव्हलमध्ये नाही, लाकडी किंवा पोकळ जमिनीवर कोणीतरी चालतंय, लेन्सवर दव. आधी लेव्हल तपासा, ॲपमध्ये ती सोय असते आणि तिला दोन मिनिटं दिलीत तर पुढचा तास वाचतो. फोकस परत एकदा करून बघा, संध्याकाळी केलेला फोकस थंडी वाढली की सरकतो. दव पडत असेल तर हीटर चालू करा, बॅटरी लवकर संपते म्हणून पॉवर बँक जोडून ठेवा.

थोड्या फ्रेम जाणारच, दहात एक-दोन गेल्या तर मनाला लावून घेऊ नका.

टेलिस्कोप जागेवर पोचला म्हणतो पण स्क्रीनवर नेब्युला दिसतच नाही.

बहुतेक वेळा तो तिथेच असतो, तुम्ही त्याला तारा समजताय. एनजीसी ७६६२ चा तेजस्वी भाग अर्ध्या आर्कमिनिटाच्या आसपास, म्हणजे एस५० मध्ये डझनभर पिक्सेल. कॅट्स आयचा मधला भाग त्याहून लहान. फ्रेमच्या मधोमध जो 'तारा' जरा फुगीर आणि निळसर-हिरवा दिसतो तोच तुमचा नेब्युला. खात्री करायची असेल तर एकदा फिल्टर लावून आणि एकदा काढून बघा, फिल्टर लावल्यावर आजूबाजूचे तारे मंदावतात आणि तो एकटा तसाच राहतो. दुर्बिणीवाले जुने निरीक्षक आयपीससमोर ओ-थ्री फिल्टर आत-बाहेर करून हेच करतात.

हेलिक्स एवढा मोठा आणि प्रत साडेसात, तरी इतका फिकट कसा?

कारण प्रत म्हणजे सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती, आणि हेलिक्सचा तो प्रकाश जवळपास चंद्राच्या बिंबाएवढ्या जागेत पसरलेला आहे. साडेसहाशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे या जातीत अगदी शेजारचा, म्हणून मोठा दिसतो. एम ५७ ची प्रत आकड्यानं मंद, ८.८, पण तो प्रकाश दीड आर्कमिनिटाच्या आत कोंबलेला, म्हणून तो चटकन दिसतो. याद्या बघताना प्रत आणि आकार दोन्ही एकत्र बघायची सवय लावा, नुसत्या प्रतीवर गेलात की फसगत.

छोट्या स्मार्ट टेलिस्कोपसाठी तरीही हेलिक्स हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्लॅनेटरी नेब्युला, कारण इथे मोठ्या फ्रेमचा फायदा होतो. एस५० मध्ये तो सहाशेच्या वर पिक्सेल व्यापतो! फिल्टर लावा, चंद्र नसलेली रात्र निवडा, किमान एक तास, तीन-चार मिळाले तर सोनं. मधला मोरपंखी डोळा, भोवतीची लाल वलयं, आणि वेळ दिलात तर वलयाच्या आतल्या कडेला बारीक रेघांचा भास. कुंभ राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या २१ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे उत्तरेला फार वर राहणाऱ्यांना तो क्षितिजाजवळच्या धुरकट हवेतून काढावा लागतो, दक्षिणेकडच्यांची चैन आहे.

वर्षभरात कधी कुठला?

संध्याकाळच्या आकाशाचा हिशोब धरून : जुलै ते ऑक्टोबर एम २७ आणि एम ५७, नंतरचा अभिजितच्या जवळच, शेलियाक आणि सुलाफात या दोन ताऱ्यांच्या मधे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हेलिक्स, एनजीसी ७००९ म्हणजे सॅटर्न नेब्युला, आणि एनजीसी ७६६२. वर्षअखेरीला ययातीतला एम ७६, छोटा डंबेल. जानेवारी ते मार्च मिथुनेतला एनजीसी २३९२, आणि एम ४६ तारकागुच्छावर बसलेला एनजीसी २४३८, जो त्या गुच्छाचा सदस्य नाही, नुसता त्याच दिशेला दिसतो, आणि फोटोत गुच्छाच्या गर्दीत तो छोटासा गोल शोधायला मजा येते. मार्च ते मे एम ९७ आणि वासुकीतला एनजीसी ३२४२. पहाटे उठायची तयारी असेल तर यातला प्रत्येक तीन-चार महिने आधीच सापडतो.

मधला तारा दिसेल का?

एम २७ चा दिसतो, चौदाव्या प्रतीच्या आसपास आहे. एम ५७ चा जवळपास सोळाव्या प्रतीचा आणि भोवती कड्याचा उजेड, छोट्या लेन्सला जड जातं. इथे फिल्टर काढा. ताऱ्याचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्यामुळे फिल्टर त्याला कापून टाकतो आणि नेब्युलाला मात्र सोडतो, म्हणजे तुम्ही शोधताय नेमका त्याच्या उलट परिणाम.

प्रोसेसिंग कुठून सुरू करू?

ॲपनं जोडून दिलेला जेपीजी बघायला ठीक, पण काम करायचं तर फिट्स फाइल (कच्चा, न दाबलेला डेटा) घ्या. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, त्यात सीस्टारच्या फ्रेम जोडायची तयार स्क्रिप्टही मिळते. आधी कडा क्रॉप करा, मग पार्श्वभूमीचा उतार (आभाळ एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला गडद असतं तो) काढा, मग रंग जुळवा, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रेच, म्हणजे अंधारातला तपशील उजळून वर आणणं. लोक आधी स्ट्रेच करून मग उतार काढत बसतात, आधी कळस मग पाया.

स्ट्रेच करताना नजर नेब्युलाच्या मधल्या भागावर ठेवा. फिकट आवरण वर आणायच्या नादात कड्याचं भोक पांढरं होऊन जातं आणि ज्या रंगाबद्दल एवढं बोललो तो निघून जातो. सोपा उपाय म्हणजे दोन वेगवेगळे स्ट्रेच करायचे, एक हलका, एक जोरकस, आणि मास्क वापरून मधे हलका आणि बाहेर जोरकस ठेवायचा. फ्रेम भरपूर असतील, काही शे वगैरे, तर स्टॅक करताना दीडपट किंवा दुप्पट ड्रिझल (फ्रेम जास्त बारीक पिक्सेलच्या जाळीवर जोडणं) करून बघा, एम ५७ सारख्या छोट्यांना त्याचा खरंच थोडा फायदा होतो. फाइली मात्र प्रचंड होतात.

सॅटेलाइटच्या रेघा आल्या असतील तर घाबरू नका. सुट्या फ्रेम सिग्मा क्लिपिंगनं (बाकी फ्रेमशी न जुळणारा पिक्सेल टाकून देणारी पद्धत) जोडल्या की त्या आपोआप जातात, कारण एकेका फ्रेममध्येच असतात.

एआय डिनॉइज आणि शार्पन वापरू का?

डिनॉइज हलक्या हातानं वापरा. शार्पनबद्दल माझं मत कडक आहे : छत्तीस पिक्सेलच्या कड्यावर एआय शार्पन चालवलंत तर ते टूल तिथे अशा रेघा काढतं ज्या तुमच्या लेन्सनं कधी पाहिल्याच नाहीत. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे २०२३ मधले एम ५७ चे फोटो उघडून शेजारी ठेवा आणि ताडून बघा, तुमच्या रेघा त्या जागी आहेत का. नसतात. फोटो सुंदर दिसतो हो, पण तो मग तुमच्या टेलिस्कोपचा उरत नाही.

दरवर्षी काढला तर नेब्युला फुगलेला दिसेल का?

गॅस सेकंदाला वीस-तीस किलोमीटर वेगानं पसरत असतो, पण एम ५७ दोन-अडीच हजार प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं फुगणं आकाशात भरतं शंभर वर्षांत साधारण एक आर्कसेकंद. एस५० च्या एका पिक्सेलइतका फरक पडायला दोनशेच्या वर वर्षं लागतील. नातवंडांना सांगून ठेवा.

अशा यंत्रानं नवीन नेब्युला सापडू शकतो का?

हौशी लोकांनी शोध लावलेत हे खरं, हंसातला सोप बबल नेब्युला २००८ मध्ये एका हौशी निरीक्षकालाच सापडला, तोही क्रेसेंट या प्रसिद्ध नेब्युलाच्या अगदी शेजारी, जिथले फोटो असंख्य लोकांनी आधी काढलेले होते. पण तो इतका फिकट आहे की माहीत असूनही ५० मिलिमीटरनं काढायला अनेक रात्री घालवाव्या लागतात. प्रयत्न करायचा तर काळोखी जागा, फिल्टर आणि इक्वेटोरियल मोड.

याहून मोठा टेलिस्कोप घेऊ का?

तुम्हाला फक्त प्लॅनेटरी नेब्युलाच काढायचे असतील तर हो, फोकल लेंथ हवी. सेलेस्ट्रॉन ओरिजिन या मोठ्या स्मार्ट टेलिस्कोपची लेन्स, म्हणजे आरसा, १५२ मिलिमीटरचा आणि फोकल लेंथ ३३५, तिथे एम ५७ छत्तीसऐवजी साठेक पिक्सेलचा होतो आणि प्रकाशही कितीतरी जास्त मिळतो, पण वजन आणि खर्च दोन्ही वेगळ्याच पायरीवर. नुसत्या आकारासाठी घेत असाल तर साधी लांब फोकल लेंथची दुर्बीण आणि वेगळा कॅमेरा हा रस्ता जास्त पुढे नेतो, शिकायला वेळ लागतो एवढंच. आणि हेलिक्स, एम २७, एम ९७ शेजारच्या दीर्घिकेसकट, हे सगळं नीट काढून झालं नसेल तर अजून घेऊ नका.

फोटो शेअर करताना काय लिहायचं?

यंत्र, एक्स्पोजर, किती फ्रेम जुळल्या, फिल्टर होता की नाही, चंद्र होता की नाही, आणि किती क्रॉप केलाय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवीन माणूस तुमचा क्रॉप केलेला एम ५७ बघतो आणि आपल्या पूर्ण फ्रेममधला ठिपका बघून यंत्र परत करायला निघतो.